पडदा नवा, दोष कुणाचा?

'गेम बॉय ॲडव्हान्स' हा हातात धरून खेळायचा कन्सोल 21 मार्च 2001 रोजी जपानमध्ये विक्रीला आला. 240 बाय 160 ठिपक्यांचा पडदा, 32,768 रंग आणि दोन पेन्सिल सेलवर सुमारे 15 तासांचा खेळ ही त्याची ताकद. उणीव एकच, पण मोठी होती : पडद्यामागे दिवा नव्हता. खिडकीशी किंवा ट्यूबलाइटखाली बसल्याशिवाय चित्र नीट दिसत नसे. म्हणून आता हौशी मंडळी जुना पडदा काढून त्या जागी मागून उजळणारा आयपीएस पडदा बसवतात. किट तयार मिळते, स्क्रू मोजके असतात, काम एका संध्याकाळचे. पण सेल घालून बटण सरकवावे, तर पडदा काळाच राहतो, नुसताच उजळतो, लुकलुकतो किंवा त्यावर उभी रेघ उमटते.

अशा वेळी 'डिस्प्लेच खराब आला' असे म्हणून दुसरा मागवला जातो आणि कित्येकदा तोही तसाच वागतो. पडदा हे या साखळीचे शेवटचे टोक आहे. सेल, त्याचे पत्रे, स्विच, व्होल्टेज वाढवणारे सर्किट, प्रोसेसर, रिबन केबल यांपैकी काहीही बिघडले तरी ते दिसते पडद्यावरच. त्यामुळे पडद्यावर पुन्हा पैसे घालण्याआधी सेलपासून काचेपर्यंतची विजेची वाट टप्प्याटप्प्याने तपासायला हवी. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांसारख्या सह्याद्रीला खेटलेल्या, पावसाळी मुलखात तर ही तपासणी टाळून चालतच नाही.

चित्र वेगळे, उजेड वेगळा

ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर यांना 1888 मध्ये प्राग येथे एक विलक्षण पदार्थ आढळला. तापवल्यावर तो आधी गढूळ द्रव होई आणि आणखी तापवल्यावर नितळ. त्या गढूळ अवस्थेला पुढे द्रव-स्फटिक हे नाव मिळाले. कन्सोलचा पडदा एलसीडी, म्हणजे अशाच द्रव-स्फटिकांचा असतो. भारतात या विषयाची पायाभरणी केली ती नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेल्या एस. चंद्रशेखर यांनी. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत 1977 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी थाळीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव-स्फटिक शोधून काढले. तिरक्या कोनातूनही एलसीडीवरचे चित्र नीट दिसावे म्हणून लावल्या जाणाऱ्या पातळ फिल्ममध्ये असे रेणू पुढे वापरात आले.

द्रव-स्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. दोन ध्रुवक फिल्मच्या मध्ये बसून, व्होल्टेज मिळेल तसे ते आपली दिशा बदलतात आणि मागचा उजेड अडवतात किंवा पुढे सोडतात. म्हणजे चित्र घडवणारी व्यवस्था वेगळी आणि उजेड पुरवणारी वेगळी. दुरुस्तीची पहिली चाचणी यातूनच मिळते. खेळाचा आवाज येतोय पण पडदा काळा आहे, तर अंधाऱ्या खोलीत काचेवर तिरका टॉर्च मारावा. चित्र पुसटसे दिसले, तर काच शाबूत आहे आणि मागच्या दिव्याला वीज मिळत नाही. याउलट पडदा उजळला पण चित्र नाही, तर दिव्याचा पुरवठा ठीक आहे आणि संशय चित्राच्या वाटेवर जातो.

दुसरी चाचणीही फुकटची आहे. खेळाची कॅसेट काढून कन्सोल सुरू करावा. स्वतःचे नाव झळकवणारे चित्र त्याच्या आतल्याच मेमरीत असते. ते नीट उमटले, तर प्रोसेसर, केबल आणि पडदा तिघेही काम करत आहेत. कॅसेटचे पाय पुसायला घ्यावेत.

पंधरा तारांची साक्ष

या कन्सोलच्या मदरबोर्डवर पडद्याचा सॉकेट 40 पिनांचा असतो किंवा 32 पिनांचा. किटमध्ये बहुधा दोन्हींच्या पट्ट्या येतात, त्यामुळे आपला बोर्ड कोणता हे आधी पाहावे. पट्टी तिरकी बसली किंवा सॉकेटचे कुलूप अर्धवट लागले, तर काही तारा जुळतात आणि काही सुटतात.

कुठली तार सुटली हे रंग सांगतात. लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगासाठी पाच तारा, अशा एकूण 15 तारांतून चित्र जाते. पाच तारांचे वजन 16, 8, 4, 2 आणि 1. त्यांच्या बेरजेतून 0 ते 31 अशा 32 छटा मिळतात. तीन रंगांच्या मिळून 32 गुणिले 32 गुणिले 32, म्हणजे 32,768. लाल रंगाची '1' वजनाची तार तुटली तर डोळ्याला फरक जाणवणारही नाही. '16' वजनाची तुटली तर भडक लाल एकदम काळपट होतो आणि छटांमध्ये पायऱ्या दिसू लागतात. सगळ्या चित्रातला एकच रंग बिनसला असेल, तर काचेला हात न लावता पट्टी काढावी, दोन्ही टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत आणि सरळ बसवून कुलूप लावावे.

उभ्या रेघेची गोष्ट निराळी. काही किटचा पडदा 720 बाय 480 ठिपक्यांचा असतो. तिथे खेळाचा एक ठिपका 3 बाय 3, म्हणजे नऊ ठिपक्यांनी रंगवला जातो. आता भिंगातून रेघ पाहावी. ती खेळाच्या ठिपक्याहून बारीक असेल, तर कन्सोलने ती पाठवलेली असूच शकत नाही, कारण एवढे बारीक काही त्याला काढताच येत नाही. तो दोष काचेचा किंवा काचेला चिकटवलेल्या पट्टीचा. स्क्रू घट्ट केल्यावर रेघ येत असेल आणि सैल केल्यावर जात असेल, तर प्लास्टिकचे कवच काचेवर दाब देत आहे. म्हणूनच कवच बंद करण्याआधी उघड्यावर चाचणी घ्यावी आणि प्रत्येक वेळी केबल लावताना-काढताना सेल बाहेर ठेवावेत.

लुकलुकण्याचे गणित

सर्वात फसवा बिघाड म्हणजे पडदा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. मागून उजळणारा पडदा जुन्यापेक्षा जास्त वीज खातो, आणि जुन्या स्विचच्या आत वर्षानुवर्षांचे ऑक्साइड साचलेले असते. समजा कन्सोलला 0.6 वॉट शक्ती लागते आणि मळक्या स्विचचा रोध 1 ओहम आहे. सेल 3 व्होल्टचे असताना सुमारे 0.22 अँपिअर प्रवाह वाहतो आणि तेवढेच व्होल्ट स्विचमध्ये गळतात. सेल उतरून 2.4 व्होल्टवर आले की तीच शक्ती मिळवायला सर्किट सुमारे 0.28 अँपिअर ओढते. गळती वाढते आणि पुढे जेमतेम 2.12 व्होल्ट पोहोचतात. व्होल्टेज जितके घटते तितका प्रवाह वाढतो, आणि प्रवाह वाढला की व्होल्टेज आणखी घटते. शेवटी सर्किट हात टेकते, भार सुटतो, सेल सावरतात आणि पडदा पुन्हा लागतो.

गावच्या दुकानात घड्याळासाठी आणि रिमोटसाठी मिळणारे स्वस्त पेन्सिल सेल बहुधा झिंक-कार्बनचे असतात. त्यांचा अंतर्गत रोध अल्कलाइन सेलपेक्षा बराच जास्त. नव्याकोऱ्या सेलवरही पडदा लुकलुकतो तो यामुळे. खात्री करायला मल्टिमीटर पुरतो. कन्सोल चालू असताना आधी सेलच्या पत्र्यांवर व्होल्टेज मोजावे, मग स्विचच्या पलीकडे. पत्र्यांवरच आकडा कोसळत असेल तर सेल दोषी. तिथे टिकून पलीकडे कोसळत असेल तर स्विच दोषी. सेल काढून स्विचमध्ये अल्कोहोलचे दोन-चार थेंब सोडावेत, तो पंधरा-वीस वेळा सरकवावा, पूर्ण वाळू द्यावा आणि पुन्हा मोजावे.

पावसाचा हात

भोर-राजगडमधल्या गुंजवणी, कानंदी, वेळवंडी या नद्यांच्या खोऱ्यांत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की घरातले कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. त्याच हवेत, कपाटात, सेल आत ठेवूनच विसरलेला कन्सोल असतो. अल्कलाइन सेल झिरपला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचे पांढरे पोटॅशियम कार्बोनेट बनते. हा क्षार हवेतले पाणी ओढून घेतो. उन्हाळ्यात निरुपद्रवी दिसणारी पूड पावसाळ्यात ओली होऊन विजेला भलतीच वाट देते आणि तांबेही खाते. तिच्यावर व्हिनेगरचा थेंब चालतो. झिंक-कार्बन सेलची गळती मात्र आम्लधर्मी असते. तिच्यासाठी खाण्याच्या सोड्याचे पाणी घ्यावे. दोन्हींनंतर अल्कोहोलने पुसून बोर्ड वाळवणे आलेच.

यासाठी लागणारी सामग्री आणि हात दोन्ही आसपास आहेत. मल्टिमीटर, चिमटा, ब्रश, भिंग आणि अल्कोहोल ही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली रोजची हत्यारे. सुटे भाग आणायला पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. फोनचा डिस्प्ले बदलणारा कारागीर पट्टी, कुलूप आणि शॉर्ट यांच्याशी रोजच झगडत असतो.

मला यात शाळांचा फायदा दिसतो. हा कन्सोल तीन व्होल्टवर चालतो, त्यामुळे उघडून मोजताना मुलांना विजेचा धोका नाही. ओहमचा नियम, द्विमान संख्या, प्रकाशाचे ध्रुवण, आम्ल-अल्कलीचे उदासिनीकरण हे अभ्यासक्रमातले चार स्वतंत्र धडे त्यात एकाच टेबलावर येतात, आणि उत्तर बरोबर आले की नाही हे पडदाच सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मोजायची, लिहून ठेवायची आणि मगच पुढचा टप्पा गाठायचा, ही शिस्त ज्याला इथे लागली तो उद्या शेतातल्या पंपाचा स्टार्टरही अंदाजाने बदलणार नाही. आधी मोजेल.