पीथमपूरची जावा

इंदूरहून महूच्या अंगाने पंचवीस-तीस किलोमीटर गेलं की पीथमपूर लागतं. जिल्हा धार, पण पोटापाण्याचं नातं इंदूरशी. कायनेटिक होंडा इथलीच. बटण दाबताच सुरू होणारी ती बिनगिअरची स्कूटर कायनेटिकच्या फिरोदियांनी होंडाशी भागीदारी करून आणली होती. २००८ मध्ये तो धंदा महिंद्राकडे गेला आणि आता पीथमपुरात जावा मोटारसायकल बनते.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९२९ मध्ये फ्रांटिशेक यानेचेकने सुरू केलेली. रुस्तम आणि फारूख इराणींनी ती म्हैसूरला आणली. पुढे तीच येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं.

गाड्या मात्र संपल्या नाहीत. जुनी जावा सांभाळणं हे एक व्रतच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, दोन्ही सायलेन्सरच्या आतल्या नळ्या ओढून काढायच्या, त्यांवर साचलेला काळा चिकट कार्बन जाळून खरवडायचा. गिअरचा दांडा आत दाबून मागे फिरवला की तोच किक होतो. पहिल्यांदा बसणारा माणूस किक शोधतच राहतो. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, ही गंमत निराळीच. पिस्टन झिजला की सिलिंडर बोअर करून थोडा मोठा पिस्टन बसवायचा, आणि हे जाणणारा मिस्त्री मिळाला की त्याला सोडायचं नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जावा दिनी, असे भक्त आपापल्या गाड्या पुसून-पासून रस्त्यावर काढतात.

महिंद्रा, अनुपम थरेजा आणि रुस्तम इराणींचे पुत्र बोमन यांच्या क्लासिक लेजंड्सने १५ नोव्हेंबर २०१८ रोजी नवी जावा आणली. टाकीचा गोलावा, क्रोम, दोन बाजूंचे दोन सायलेन्सर, सगळं ओळखीचं. इंजिन मात्र साफ वेगळं: २९३ सीसी, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. प्रदूषणाच्या नियमांपुढे जुन्या टू-स्ट्रोकचा टिकाव लागणं शक्यच नव्हतं. तरी सिलिंडरवर जुन्यासारख्या पट्ट्या ठेवल्या आणि आवाज जमवण्यासाठी बरीच खटपट केली. लोक तुटून पडले. सप्टेंबर २०१९ पर्यंतच्या गाड्या आधीच विकल्या गेल्याने नोंदणी थांबवावी लागली.

जुने जावावाले नाक मुरडतात: किक नाही, धुराचा तो वास नाही. तक्रार खरी आहे, पण ती धरून बसलं तर नवी गाडी निघायचीच नाही. चेहरा जपून काळीज बदलण्याचा हा सौदा वाजवी वाटतो. जुनं काळीज हवं असेल, तर ते मिस्त्र्याच्याच हातात आहे.

पीथमपूरचा पसारा जावावर थांबलेला नाही. जानेवारी २०२२ मध्ये येझदी परतली. बर्मिंगहॅमची बीएसए ही मोटारसायकल कंपनी १९७०च्या दशकात बुडाली होती. ते नाव क्लासिक लेजंड्सने २०१६ मध्ये विकत घेतलं. तिची ६५२ सीसीची गोल्ड स्टार १५ ऑगस्ट २०२४ रोजी भारतात विक्रीला आली. ती बनते पीथमपुरात, आणि इंग्लंडलाही इथूनच जाते.