बोटांना किती इंच हवेत?

"मावशी, थांबू का? दिवाळीनंतर नवं मॉडेल येतंय म्हणे. पडदा मोठा, की-बोर्डही बदललेला."

गेल्या मे महिन्यात रनाळ्याच्या आमच्या ओट्यावर हा प्रश्न तीन दिवस मुक्कामाला होता. भाचीची बारावी झाली होती, धुळ्याला प्रवेश घ्यायचा होता. मिरचीच्या पैशातून तिच्या वडिलांनी लॅपटॉपसाठी रक्कम बाजूला काढून ठेवली होती. अशी रक्कम घरात एकदाच निघते, म्हणून पोरीचा जीव टांगणीला लागलेला. रोज सकाळी मोबाईलवर नवी वार्ता. अमुक कंपनी तेरा इंची बंद करणार, तमुक कंपनी सोळा इंची स्वस्तात आणणार, कुणाचा पडदा म्हणे गुंडाळता येणार.

मी चोवीस वर्षं टायपिंग शिकवलं. माझं डोकं पडद्याआधी बोटांकडे जातं. मी तिला म्हटलं, "आधी शिवणाची टेप आण."

घरातला जुना की-बोर्ड मधे ठेवला आणि वरच्या ओळीतल्या क्यूच्या मध्यापासून पीच्या मध्यापर्यंत मोजायला लावलं. सतरा सेंटीमीटर आणि वर किंचित. त्या दोन कळांच्या मधे नऊ अंतरं येतात, म्हणजे एका कळेपासून दुसरीपर्यंत १९ मिलीमीटर. जुन्या भाषेत पाऊण इंच. हे माप टाइपरायटरच्या काळापासून चालत आलंय, कारण मोठ्या माणसाचं बोट शेजारच्या कळेला न लागता पडायला तेवढीच जागा लागते. अक्षरांचा सबंध पट्टा, दोन्ही बाजूंच्या शिफ्ट-एंटरसकट, अशा पंधरा कळांच्या रुंदीचा असतो. पंधरा गुणिले एकोणीस म्हणजे साडेअठ्ठावीस सेंटीमीटर.

लॅपटॉपच्या आकाराचं अर्धं गणित या एका आकड्यात आहे. पडदा हवा तेवढा लहान करता येईल; पण यंत्राची रुंदी अठ्ठावीस सेंटीमीटरच्या खाली गेली की कळा आखडायला लागतात आणि बोटं एकमेकांच्या अंगावर येतात. पूर्वी पडद्याभोवती बोटभर काळी चौकट असायची, त्यामुळे ११.६ इंची पडद्याचं यंत्रही तीस सेंटीमीटर भरायचं आणि पुरा की-बोर्ड मावायचा. चौकट बारीक झाली आणि तोच पडदा अठ्ठावीस सेंटीमीटरपेक्षा अरुंद यंत्रातही बसण्यासारखा झाला. मग की-बोर्ड ठेवायचा कुठे? छोटे लॅपटॉप तेरा इंचांपाशी येऊन थांबलेत, त्यामागे मला हे कारण मोठं दिसतं. १३.३ इंची रुंदट पडदा २९.४ सेंटीमीटर रुंद असतो. की-बोर्ड त्याखाली नेमका बसतो.

भाचीला हे पटेना. "पण मावशी, इंच म्हणजे रुंदी ना?" नाही. दुकानात सांगतात तो इंच कर्णाचा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा. त्यामुळे आकडा वाढला म्हणजे यंत्र रुंद झालं असं नसतं. १५.६ इंची जुना पडदा सोळास नऊ या प्रमाणाचा, १३.६ इंच रुंद आणि ७.६५ इंच उंच. आता जे १६ इंची येतात त्यांतले बरेच सोळास दहा प्रमाणाचे. रुंदी तीच १३.६ इंच, उंची मात्र साडेआठच्या जवळ. दप्तर बदलायला नको, टेबलही तेच, आणि पानाच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात. २००८ नंतरच्या काही वर्षांत टीव्हीच्या काचेचं प्रमाण लॅपटॉपवर आलं आणि पडदे बुटके झाले. सिनेमाला ते सोयीचं, पण अर्ज, निबंध, हिशेब लिहिणाऱ्याला उंची लागते. ती परत आली, ही या काही वर्षांतली चांगली गोष्ट.

पडदा आणि कळा यांच्या या ओढाताणीतून झालेलं एक यंत्र मला फार आवडतं. १९९५ मध्ये आयबीएमने थिंकपॅड ७०१ आणला. पडदा १०.४ इंची, यंत्र पावणेदहा इंच रुंद, आणि की-बोर्ड साडेअकरा इंचांचा. जॉन कॅरिडिस या अभियंत्याने की-बोर्डचे तिरप्या कापाचे दोन तुकडे केले. झाकण उघडलं की ते सरकत एकमेकांत बसायचे आणि फुलपाखराच्या पंखांसारखे यंत्राच्या दोन्ही बाजूंना बाहेर यायचे. झाकण मिटलं की परत आत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ते यंत्र ठेवलंय. पण बाजारात ते फार टिकलं नाही. लगेच बारा इंची पडदे परवडू लागले, यंत्र आपोआप रुंद झालं आणि पंखांची गरज सरली.

त्याच फुलपाखराचं नाव पुढे एका दुखण्यालाही मिळालं. २०१५ मध्ये ॲपलने बारा इंची मॅकबुक काढला. यंत्र २८ सेंटीमीटर रुंद, की-बोर्ड या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलेला. जाडी कमी करण्यासाठी कळेखाली 'बटरफ्लाय' नावाची नवी रचना घातली. कळ जेमतेम अर्धा मिलीमीटर खाली जायची. धुळीचा कण आत गेला की अक्षर उमटेना, नाहीतर एकाचे दोन उमटत. २०१८ मध्ये कंपनीला फुकट दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात सोळा इंची यंत्रात पुन्हा जुन्या कात्री रचनेची, साधारण एक मिलीमीटर दबणारी कळ आली. त्याच यंत्रात एस्केपची खरी कळही परत आली. २०१६ मध्ये ती काढून तिथे स्पर्शाची पट्टी बसवली होती.

हे वाचताना मला आमच्या भागातल्या मिरचीच्या पथाऱ्या दिसतात. नंदुरबारकडे हंगामात मैलभर लाल पसारा असतो, वारा सुटला की बारीक भुकटी दाराखिडक्यांतून घरात येते. माझ्या स्वतःच्या एका लॅपटॉपची 'ए'ची कळ दुसऱ्याच वर्षी रुसली. एक कळ बदलून मिळेना. सबंध की-बोर्ड बदलायचा म्हणाले, त्याचा आकडा ऐकून मी तो लॅपटॉप तसाच बाहेरचा की-बोर्ड जोडून वापरला. म्हणून कळ किती दबते, की-बोर्ड वेगळा निघतो का, त्याचा सुटा भाग नंदुरबारला मिळतो का, हे मी पडद्याआधी विचारायला सांगते. उन्हाचंही तसंच. दुपारी चारला ओट्यावर बसलं की स्वस्त लॅपटॉपचा चकचकीत पडदा आरसा होतो, त्यात आपलाच चेहरा आणि मागचं कडुनिंबाचं झाड. अडीचशे निट्स उजेडाचा पडदा घरात पुरतो, ओट्यावर पुरत नाही. चारशे असतील आणि काच चकाकणारी नसेल तर सावलीत काम होतं.

या दोन्ही गोष्टींचा, धुळीचा आणि उन्हाचा, मुळापासून विचार केलेला एक लॅपटॉप आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलाय. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या विसेक मुलांच्या एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाची हिरवी-पांढरी एक्सओ यंत्रं आली. पडदा साडेसात इंची. मेरी लू जेप्सेन यांनी तो असा घडवला होता की मागचा दिवा बंद केला तरी भर उन्हात काळं-पांढरं अक्षर स्वच्छ दिसावं. की-बोर्ड सलग रबराचा. धूळ, पाणी आत जायला फट नाही. कळा लहान, पोरांच्या बोटांच्या मापाच्या. आणि या यंत्राचा देवनागरी अक्षरं छापलेला की-बोर्डही निघाला होता.

त्या प्रकल्पाची पुढची गोष्ट आजच्या अफवांच्या मोसमात आठवण्यासारखी आहे. २००८ च्या मे महिन्यात त्यांनी एक्सओ-२ जाहीर केलं. दोन स्पर्शपडदे, पुस्तकासारखं उघडणारं, की-बोर्ड नाहीच. किंमत ७५ डॉलर ठेवायचा मानस. फोटो जगभर छापून आले. यंत्र कधीच आलं नाही. उलट मोठ्या मुलांसाठी काढलेल्या पुढच्या आवृत्तीत रबराऐवजी नेहमीसारख्या, खट्कन दबणाऱ्या कळा बसवाव्या लागल्या, कारण मुलं वाढली होती आणि त्यांना भरभर लिहायचं होतं. की-बोर्ड जाणार, की-बोर्ड जाणार असं मी वीस वर्षं ऐकतेय. लिहिणारा माणूस दर वेळी तो परत मागून घेतो.

आता भाचीच्या अफवांकडे येते. गुंडाळणारा पडदा खरा आहे: २०२५ च्या जानेवारीत लेनोव्होने थिंकबुक प्लस दाखवला, त्याचा १४ इंची पडदा बटण दाबल्यावर वर सरकत १६.७ इंचांचा होतो. रुंदी तीच राहते, उंची वाढते. त्यांनीही की-बोर्डला हात लावला नाही, हे मी तिला मुद्दाम दाखवलं. घडीचे पडदे २०२० पासून विकले जातायत, पण त्यांच्या किमतीत आमच्याकडे चांगली मोटारसायकल येते. नावांचा घोळ वेगळाच. डेलने २०२५ च्या जानेवारीत एक्सपीएस, इन्स्पिरॉन, लॅटिट्यूड ही सगळी नावं मोडीत काढली आणि वर्षभरातच एक्सपीएस परत आणलं. नाव बदललं म्हणून यंत्र बदललं असं समजून कुणी थांबू नये. कळांमध्ये भर पडली ती एकच. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या जानेवारीत कोपायलटची कळ जाहीर केली. त्याआधी विंडोजची कळ आली त्याला तीस वर्षं होत आली होती.

इथे माझा जीव तुटतो. एका कंपनीच्या सेवेसाठी जगभरच्या की-बोर्डांवर नवी कळ बसू शकते. २०१० मध्ये रुपयाचं चिन्ह ठरलं, मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी ते रेखाटलं, आणि थोड्याच वर्षांत आपल्याकडच्या की-बोर्डांवर चारच्या कळेवर ते छापून येऊ लागलं. मराठी अक्षरं मात्र दुकानातल्या बहुतेक लॅपटॉपवर अजून नाहीत. मोबाईलसाठी आय.एस. १६३३३ हे भारतीय मानक आहे: सर्व अधिकृत भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एक भाषा लिहिता आली पाहिजे. लॅपटॉपच्या कळांनाही अशी सक्ती होईल का, या तर्कापायी कुणी रात्र जागवत नाही. मला जागवावीशी वाटते.

कारण मांडणी तयार आहे, आणि ती देखणी आहे. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट ठरवली, पुण्याच्या सी-डॅकने ती घराघरांत न्यायला मदत केली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं; म, न, व मात्र खालच्या ओळीत डावीकडे. 'के'वर क, आणि आमच्या सीमेपलीकडच्या गुजरातीतही क तिथेच. टाइपरायटरवर शिकवताना मी पोरींना सांगायची, पहिली वेलांटी आधी मारा, अक्षर नंतर. इनस्क्रिप्टमध्ये आपण बोलतो त्या क्रमाने टंकायचं. गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं, पण त्या यंत्रांवर घट्ट बसलेली सवय पुढे संगणकावरही चालत राहिली, आणि नव्या पोरांना कुणी इनस्क्रिप्ट शिकवलीच नाही. ती इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात. त्यांना दोष देऊन काय उपयोग, कळेवर अक्षर दिसतच नाही.

भाचीला मी ओट्यावरच बसवलं. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो, डोळे मिटून तर्जनी तिथे ठेवायची. इनस्क्रिप्टमध्ये 'एफ'वर पहिली वेलांटी येते आणि 'जे'वर र. म्हणजे रनाळ्याचं पहिलं अक्षर बोटाखाली आयतंच असतं. जे, मग व्ही, मग ई, शिफ्ट धरून एन, शेवटी एस. रनाळे. पाच कळा आणि एक शिफ्ट. इंग्रजी अक्षरांतून लिहिताना तिचा ळ दर वेळी ल होऊन बसायचा आणि ती तो तसाच सोडून द्यायची. 'दऱ्या'मधला ऱ तर तिला मिळतच नव्हता. तो शिफ्ट धरून 'जे'वरच असतो.

जूनमध्ये नंदुरबारला जाऊन आम्ही चौदा इंची, सोळास दहा प्रमाणाचा घेतला. पडदा न चकाकणारा, कळा दीड मिलीमीटर दबणाऱ्या. दुकानदाराने पंधरा इंची पुढे केला, उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन असलेला. ती टेप बरोबर घेऊन आली होती. त्या चौकोनापायी अक्षरांचा पट्टा डावीकडे सरकतो आणि टंकताना अंग तिरकं होतं, हे तिने स्वतः बसून पाहिलं आणि नको म्हणाली. दिवाळीनंतर येणाऱ्या मॉडेलचं मग तिने विचारलं नाही.

देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्टीचं पान मी तिला दिलं होतं. दोन आठवड्यांनी फोन आला तेव्हा तिने तीनच अक्षरं चिकटवली होती: एनवर ळ, जेवर ऱ आणि पाचवर ज्ञ. उरलेलं पान वसतिगृहातल्या मैत्रिणीने मागून घेतलं.