धरणाच्या खालच्या अंगाला

12 फेब्रुवारी 2017, रविवार. युबा सिटीतल्या आमच्या घरी आईने वरणभाताचा कुकर लावला होता. पुण्याहून येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. दोन शिट्ट्या झाल्या असतील-नसतील, तोच माझा आणि बायकोचा फोन एकदमच वाजला. ओरोव्हिल धरणाचा आपत्कालीन सांडवा फुटण्याची शक्यता आहे, ताबडतोब घर सोडा. ओरोव्हिल आमच्या वरच्या अंगाला, तीसेक मैलांवर. मी टीव्ही लावायला धावलो, बायको पासपोर्ट शोधायला. आईने एक अक्षर न विचारता गॅस बंद केला, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली.

"धरण म्हणतायत ना? मग बघत काय बसलायस?"

पानशेत फुटलं तेव्हा आई नऊ वर्षांची होती. नारायण पेठेत राहायची. 12 जुलै 1961 ची सकाळ. आदल्या रात्री तिकडे धरणावर लष्कराचे जवान वाळूची पोती टाकत होते आणि इकडे शहर निवांत झोपलं होतं. सकाळी कुणीतरी सायकलवरून "पाणी आलं, पाणी आलं" असं ओरडत गेलं, एवढीच तिच्या वाड्याला मिळालेली सूचना. पानशेतच्या पाण्याने खाली खडकवासलाही फोडलं. पुढचं पुण्याच्या वाचकांना सांगायला नको. "बारा तारीखच बघ," गाडीत बसता बसता आई म्हणाली. त्यानंतर तीन तास ती काही बोलली नाही.

एरवी तासाभरात आम्ही सॅक्रामेंटोला पोचतो. त्या संध्याकाळी हायवे म्हणजे एक लांबलचक पार्किंग लॉट झाला होता. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार माणसं एकाच वेळी रस्त्यावर आली होती. तुरुंगातल्या कैद्यांनासुद्धा हलवावं लागलं. सॅक्रामेंटोच्या गुरुद्वाऱ्यांनी दारं उघडली होती, म्हणून रात्री गरम डाळरोटी मिळाली. आमचा कुकर घरी तसाच.

झालं होतं ते असं. ओरोव्हिल हे 770 फूट उंचीचं, अमेरिकेतलं सर्वांत उंच धरण. 7 फेब्रुवारीला त्याच्या मुख्य सांडव्याच्या काँक्रीटला भगदाड पडलं. ते आणखी वाढू नये म्हणून विसर्ग कमी केला, आणि पाऊस तर थांबायचं नाव घेईना. तलाव चढत गेला. 11 तारखेला पातळी 901 फुटांवर गेली आणि आपत्कालीन सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं. धरण 1968 साली पूर्ण झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. हा सांडवा म्हणजे एक काँक्रीटची भिंत आणि तिच्याखाली उघडी टेकडी. टेकडी इतक्या झपाट्याने खचायला लागली की, भिंतीचा पायाच उखडेल अशी धास्ती निर्माण झाली. उखडला असता, तर तीस फूट उंचीचं पाणी एकदम खाली आलं असतं. मुख्य धरणाला धोका नव्हता, पण खालच्या माणसाला त्या फरकाचं काय? शेवटी मोडक्या मुख्य सांडव्यातूनच एक लाख क्युसेक पाणी सोडलं आणि रात्री तलाव 901 च्या खाली आला. दोन दिवसांनी आम्ही घरी परतलो. पुरात एकही बळी गेला नाही.

ही टेकडी काँक्रीटने झाकून घ्या, अशी मागणी काही पर्यावरण संघटनांनी 2005 मध्येच केली होती. ती गरजेची वाटली नाही. दुरुस्तीवर पुढे सुमारे एक अब्ज दहा कोटी डॉलर गेले.

मी धरणांचा इंजिनीअर नाही, पोट सॉफ्टवेअरवर चालतं. पण त्या रात्रीनंतर एक प्रश्न डोक्यातून जाईना: आमचा फोन वाजवायचा हे ठरवलं कोणी? तो छडा लावायला म्हणून मी आपत्कालीन मदतीच्या स्वयंसेवक गटात नाव नोंदवलं.

मला वाटायचं, धरणाचा कारभार पाहणाराच गाव रिकामं करायचा हुकूम देत असेल. तसं नसतं. धरणवाल्यांचं काम बघायचं, ओळखायचं आणि कळवायचं. लोकांना घराबाहेर काढण्याचा हुकूम स्थानिक यंत्रणेचा. ओरोव्हिलला तो बूट काउंटीच्या शेरीफने दिला. या दोघांमधला दुवा म्हणजे 'आपत्कालीन कृती आराखडा'. नाव भारदस्त, पण त्याचा जीव एका पानावरच्या तक्त्यात असतो: कुणी कुणाला फोन करायचा, आधी कुणाला आणि तो उचलत नसेल तर कुणाला.

फोन कधी करायचा, हेही आधीच ठरवलेलं असतं. मातीच्या धरणातून थोडा पाझर होतोच. पाझराचं पाणी स्वच्छ असेल तर मोजत राहायचं. ते गढूळ झालं, म्हणजे धरणाची माती पाण्याबरोबर निघाली. तिथे पायरी बदलते. अमेरिकेत सर्वसाधारणपणे चार पायऱ्या धरतात: धरण ठीक, पण नदीला पाणी जास्त, काहीतरी बिघाड, पण फुटण्याची भीती नाही, फुटू शकतं, आणि फुटतंय किंवा फुटलं. तिसऱ्या पायरीवरच शेरीफला हलायला वेळ असतो. चौथीवर उरतात ती मिनिटं.

आयडाहोतलं टीटन धरण 5 जून 1976 ला फुटलं. गळती सकाळी सात-साडेसातला दिसली होती. शेरीफला निरोप गेला पावणेअकराच्या सुमारास, आणि बाराला तीन मिनिटं असताना धरण गेलं. अकरा माणसं गेली. हजारो वाचली, कारण दिवस होता, पाणी दूरच्या गावांना पोचायला वेळ लागला आणि रेडिओ बोलत राहिला. याउलट आमच्याच कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस धरण. ते 12 मार्च 1928 ला मध्यरात्रीच्या सुमारास कोसळलं. (हो, बारा तारीख. आईला मी अजून सांगितलेलं नाही.) त्याच दिवशी मुख्य अभियंता मलहॉलंड गळती पाहून, काळजीचं कारण नाही असं सांगून गेला होता. चारशेहून अधिक माणसं मेली. खाली सांता पॉला गावात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुली जागेवरून न उठता फोन लावत राहिल्या आणि दोन मोटरसायकलवाले पोलीस दारं ठोठावत फिरले, म्हणून तिथले बरेच जण वाचले. ते पोलीस आणि नारायण पेठेतला तो सायकलवाला यांत फार फरक नाही. फरक एवढाच की, आता ते काम कुणाचं हे आधी लिहून ठेवतात.

लिहून ठेवलेलं चालतं का, हे पाहण्यासाठी टेबलाभोवती बसून सराव करतात. अशा एका सरावाला मी कोपऱ्यात बसलो होतो. धरण कुठलं ते सांगत नाही. सूत्रधाराने कागद वाचला: पहाटेचे तीन, पाऊस चालू, पाझर गढूळ. पहिला फोन ज्या गृहस्थांना करायचा, ते दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले निघाले. मग एका बाईंनी विचारलं, नकाशाप्रमाणे वृद्धाश्रमाशी पाणी सव्वा तासात येणार, तिथल्या व्हीलचेअर न्यायला गाड्या किती? खोलीत शांतता. ती शांतता धरण फुटण्याआधी पसरली, यासाठीच तर सराव.

नकाशा म्हणजे धरण फुटलं तर कुठे, किती वेळात, किती खोल पाणी येईल ते दाखवणारा. ओरोव्हिलनंतर कॅलिफोर्नियाने 2017 मध्येच कायदा केला. किरकोळ जोखमीची धरणं वगळता सगळ्यांना असा नकाशा आणि आराखडा सक्तीचा. नुसत्या धरणाचाच नव्हे, सांडव्यासारख्या महत्त्वाच्या भागांचाही. नकाशे सर्वांना पाहता येतात. आपला पत्ता शोधताना 'मोठी जोखीम' हा शेरा दिसला तर घाबरू नका. तो धरणाच्या तब्येतीबद्दल नसतो, फुटलं तर खाली किती नुकसान होईल याबद्दल असतो. भारतातही 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने असे आराखडे बंधनकारक केले. त्याआधी दोनच वर्षं, जुलै 2019 मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं होतं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

एक अडचण मात्र कुठल्याही आराखड्यात मावत नाही. ओरोव्हिलचा सांडवा अखेर टिकला. आमच्या गल्लीतले काही जण अजून म्हणतात, उगाच पळवलं, पुढच्या वेळी आम्ही जागचे हलणार नाही. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनला 1889 मध्ये धरण फुटायच्या आधी तारा आल्या होत्या, पण तसल्या हाकाटीची सवय झालेल्या लोकांनी त्या मनावर घेतल्या नाहीत. दोन हजारांवर माणसं मेली. शेरीफला हे दोन्ही ओझी एकदम वाहायची असतात: उशीर झाला तर जीव जातात, लवकर केलं तर विश्वास.

आईला मी शेजाऱ्यांचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना परत यायला घर होतं ना, म्हणून बोलतायत."

आमच्या फ्रिजवर आता तीन फोन नंबर आणि दोन रस्ते लिहिलेला कागद आहे. दुसरा रस्ता हायवे टाळून जातो. कागदपत्रांची पिशवी दाराशी असते, गाडीची टाकी पावसाळ्यात अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. गेल्या दिवाळीत आई व्हिडिओ कॉलवर होती. तिने मला फोन फिरवून तो कागद दाखवायला लावला, चष्मा लावून नीट वाचला आणि विचारलं, "यातला दुसरा रस्ता तू गाडीने जाऊन बघितलायस का?"

नव्हता बघितला. भाऊबीजेच्या दुपारी सगळे जाऊन आलो. बावन्न मिनिटं लागली.