वर्दीनंतरचा कागद (लेखांक ७) : १६७ जण, एक हुकूम

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांचं पत्र आलं आहे. अमेरिकी सैनिकाला आपल्या डिस्चार्जचा दर्जा सुधारून घेण्यासाठी असलेले दोन दरवाजे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. १५ वर्षांच्या आत पुनरावलोकन मंडळ आणि तिथे दाद लागली नाही किंवा मुदत उलटली तर नोंददुरुस्ती मंडळ. त्यावर सुभेदारसाहेब विचारतात, "कोर्ट-मार्शल झालं असेल तर अपील कुठं करायचं ते कळतं. पण कोर्ट-मार्शल झालंच नाही, वरच्या साहेबानं नुसती सही करून जवानाला घरी धाडलं, तर त्यानं कुणापुढं जायचं आणि काय शाबीत करायचं?"

आज मी २०१४ साली संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी काढलेल्या आदेशाविषयी लिहिणार होतो. तो विषय पुढच्या आठवड्यावर टाकतो. कारण या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर ब्राउन्सव्हिलला जावं लागतं, आणि ब्राउन्सव्हिलचं प्रकरण दोन ओळींत आटोपणं माझ्याच्यानं होणार नाही. लष्करी डिस्चार्ज या विषयाकडे मी वळलो तोच मुळी या प्रकरणामुळे.

१९०६ सालचा जुलै संपता संपता अमेरिकी लष्कराच्या २५व्या इन्फन्ट्री रेजिमेंटची पहिली बटालियन टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या ब्राउन्सव्हिल गावी आली. छावणीचं नाव फोर्ट ब्राउन. जवान सगळे कृष्णवर्णीय, अधिकारी सगळे गोरे. ही पलटण गावाला नको होती. दारूच्या गुत्त्यांत जवानांना मज्जाव झाला, रस्त्यात धक्काबुक्कीचे प्रकार घडले. १३ ऑगस्टला वातावरण इतकं तापलं की बटालियनचे प्रमुख मेजर पेनरोझ यांनी संध्याकाळनंतर जवानांना गावात जायची बंदी केली. त्याच रात्री बाराच्या सुमारास गावात गोळीबार झाला. जेमतेम दहा मिनिटांत गुत्त्यावरचा एक नोकर ठार झाला आणि एका पोलीस अधिकाऱ्याचा हात कायमचा गेला.

गावकऱ्यांनी लगेच सांगितलं, गोळ्या जवानांनीच झाडल्या. इकडे छावणीत हजेरी घेतली तेव्हा जवान जागेवर होते, आणि रायफली तपासल्या तेव्हा त्या स्वच्छ होत्या. पण सकाळी रस्त्यावर लष्करी स्प्रिंगफील्ड रायफलींच्या रिकाम्या पुंगळ्या सापडल्या आणि अधिकाऱ्यांचंही मत फिरलं. टेक्सास रेंजर्सच्या कॅप्टनने बारा जवानांना संशयावरून धरलं. स्थानिक ग्रँड ज्युरीपुढे प्रकरण गेलं, तेव्हा त्या ज्युरीलासुद्धा एकाही जवानावर आरोप ठेवण्याइतका पुरावा मिळाला नाही.

इथे खरं तर प्रकरण संपायला हवं होतं. पण लष्कराचे इन्स्पेक्टर जनरल गार्लिंग्टन चौकशीला आले. गोळ्या कुणी झाडल्या, हे त्यांनी जवानांना विचारलं. प्रत्येकाने सांगितलं, माहीत नाही. गार्लिंग्टन यांनी यावरून निष्कर्ष काढला की जवानांनी गप्प राहण्याचा कट केला आहे. जो निर्दोष आहे आणि ज्याला खरोखरच काही ठाऊक नाही, त्याच्याजवळ "माहीत नाही" याखेरीज कोणतं उत्तर असणार? ते एकमेव खरं उत्तरच गुन्ह्याचा पुरावा ठरलं.

शिफारस राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे गेली. मुदत संपण्याआधी शिपायाला सैन्यातून काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना होता. त्या अधिकाराचा वापर करून नोव्हेंबर १९०६मध्ये त्यांनी १६७ जवानांना सन्मानाविना सेवामुक्त केलं. काँग्रेसची निवडणूक पार पडेपर्यंत हुकूम जाहीर होऊ दिला नाही, कारण त्या काळी कृष्णवर्णीयांची मतं रिपब्लिकन पक्षाला जात. पुन्हा सैन्यात भरती व्हायची बंदी आणि सरकारी मुलकी नोकरीचीही बंदी. यातली दुसरी बंदी रूझवेल्ट यांनी जानेवारी १९०७मध्ये उठवली, पहिली तशीच ठेवली. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी हुकूम थांबवण्याची विनंती केली होती. ती मानली गेली नाही.

या १६७ जणांत फर्स्ट सार्जंट मिंगो सँडर्स होते. पाव शतकाहून जास्त नोकरी झालेली, पेन्शन हाकेच्या अंतरावर. १८९८ साली ते क्युबात लढले होते आणि तिथे त्यांच्या कंपनीने आपल्या शिध्यातली कडक बिस्किटं रूझवेल्ट यांच्याच घोडदळाला वाटून दिली होती. त्याच रूझवेल्ट यांच्या सहीने सँडर्स यांची सगळी नोकरी पुसली गेली.

आता सुभेदारसाहेबांचा प्रश्न या प्रकरणाला लावून पाहा. १६७ जणांपैकी एकावरही खटला भरला नाही, एकालाही दोषी ठरवलं नाही. त्यामुळे एकालाही निर्दोष सुटण्याची सोय राहिली नाही. शिक्षा न्यायालयाने दिली असती तर तिच्याविरुद्ध अपील करता आलं असतं. ही कारवाई कागदोपत्री प्रशासकीय होती, म्हणजे सरकारच्या लेखी ती शिक्षाच नव्हती. शिक्षाच नाही, तर दाद कसली मागता, असं सांगून त्यांची बोळवण करता येत होती. कोर्ट-मार्शलपेक्षा अशी सही करायला फार सोपी, आणि पुसायला फार अवघड. या लेखमालेत मला काही सांगायचं असेल तर मुख्यतः हेच.

ओहायोचे सिनेटर जोसेफ फोरेकर या जवानांच्या बाजूने उभे राहिले. ते रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे, तरीही त्यांनी सिनेटला चौकशी करायला लावली. त्या चौकशीतली एक गोष्ट आजही गुन्हेतपासाच्या इतिहासात सांगितली जाते. रस्त्यावर सापडलेल्या पुंगळ्या आणि बटालियनच्या रायफली तज्ज्ञांकडे पाठवण्यात आल्या. रायफल झाडली की फायरिंग पिन पुंगळीच्या बुडाशी आपली खूण उमटवते आणि प्रत्येक रायफलीची खूण थोडी निराळी असते. सूक्ष्मदर्शकाखाली या खुणा जुळवून पाहिल्या, तेव्हा बहुतेक पुंगळ्या चार ठरावीक रायफलींच्या निघाल्या. शस्त्र ओळखण्याच्या या शास्त्राची ही अगदी सुरुवात होती.

वरवर पाहता हा जवानांविरुद्धचा भक्कम पुरावा वाटतो. फोरेकर यांनी तो उलटा फिरवला. त्या चारपैकी एक रायफल त्या रात्री कोठारात पेटीबंद होती, असं कंपनीच्या क्वार्टरमास्टर सार्जंटने शपथेवर सांगितलं होतं. बंद पेटीतली रायफल गावात जाऊन गोळी झाडणार कशी? मग पुंगळ्या आल्या कुठून? बटालियन टेक्सासला येण्याआधी नेब्रास्कातल्या फोर्ट नायोब्रारा इथे होती. तिथल्या नेमबाजीच्या सरावातल्या रिकाम्या पुंगळ्या सामानाबरोबर फोर्ट ब्राउनला आल्या होत्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती लागतील अशा जागी त्यांचं खोकं उघडं पडलेलं होतं. पुंगळ्या रस्त्यावर नेऊन टाकणं कुणालाही शक्य होतं.

तरीही मार्च १९०८मध्ये सिनेट समितीच्या बहुमताने रूझवेल्ट यांचा हुकूम उचलून धरला. फोरेकर यांची राजकीय कारकीर्द लवकरच संपली. पुढे नेमलेल्या लष्करी चौकशी न्यायालयाने १९१० साली १४ जणांना पुन्हा भरती होण्यास पात्र ठरवलं. हेच १४ का आणि बाकीचे का नाहीत, याचं पटेल असं कारण त्या न्यायालयाने दिलं नाही. उरलेल्या १५३ जणांची नोंद होती तशीच राहिली.

त्यानंतर साठ वर्षं काहीच हललं नाही. १९७० साली जॉन वीव्हर यांचं 'द ब्राउन्सव्हिल रेड' हे पुस्तक आलं. त्यांनी सिनेटपुढच्या जबान्या पुन्हा तपासून जवान निर्दोष असल्याचं मांडलं. त्यानंतर कॅलिफोर्नियाचे काँग्रेस सदस्य ऑगस्टस हॉकिन्स यांनी १९७१ साली विधेयक आणलं. पेंटॅगॉनमध्ये लेफ्टनंट कर्नल विल्यम बेकर यांनी फाइल धसाला लावली. २८ सप्टेंबर १९७२ रोजी लष्करमंत्री रॉबर्ट फ्रोल्के यांनी सगळ्या नोंदी बदलून 'सन्माननीय' केल्या. कुणी गोळ्या झाडल्या याचा निकाल त्यांनी दिला नाही. सरसकट सगळ्यांना शिक्षा करणं हाच अन्याय होता, एवढं त्यांना पुरेसं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे उपयोगी पडणार आहे.

तोवर ती सुधारलेली नोंद हातात घेण्यासाठी जवळपास कुणीच उरलं नव्हतं. मिनियापोलिसमध्ये डॉर्सी विलिस सापडले. सैन्यातून काढल्यानंतर त्यांनी जवळजवळ साठ वर्षं एका बँकेच्या इमारतीतल्या केशकर्तनालयात झाडलोट केली, गिऱ्हाइकांचे बूट पॉलिश केले. त्या कागदामुळे आपल्याला कधी वर येता आलं नाही, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. ११ फेब्रुवारी १९७३ रोजी, त्यांच्या ८७व्या वाढदिवशी, मिनियापोलिसमधल्या एका चर्चमध्ये लष्कराच्या मेजर जनरलने त्यांना सन्माननीय डिस्चार्ज दिला. थकलेला पगार मिळाला नाही. नंतर काँग्रेसने वेगळा कायदा करून २५,००० डॉलर मंजूर केले. १९७७ साली विलिस वारले आणि फोर्ट स्नेलिंगच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामाने मूठमाती देण्यात आली.

विलिस यांना पुस्तक, विधेयक आणि मंत्री एवढे सगळे लागले. प्रत्येक शिपायाला हे कुठून मिळणार? म्हणूनच मंडळांची गरज होती, आणि ती दुसऱ्या महायुद्धात ऐरणीवर आली. त्या वेळी कोर्ट-मार्शल न करता नको असलेल्या जवानाला काढून टाकायचं असलं की निळ्या कागदावर छापलेला डिस्चार्ज त्याच्या हातात देत. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात लष्कराने असे ४८,६०३ निळे कागद वाटले. त्यातले १०,८०६ कृष्णवर्णीय जवानांना, म्हणजे २२ टक्क्यांहून जास्त. लष्करात त्यांचं प्रमाण मात्र साडेसहा टक्क्यांच्या आसपास होतं. समलिंगी असल्याच्या संशयावरूनही असंख्य जवानांच्या हाती हाच कागद पडला. त्यावर गुन्ह्याचा उल्लेख नसे, पण निळा रंग पाहिला की नोकरी देणारा समजून जाई. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४५मध्ये त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि १९४७ साली निळा कागद बंद झाला. पुनरावलोकन मंडळं १९४४च्या जीआय बिलाने आली, नोंददुरुस्ती मंडळं १९४६च्या कायद्याने. त्याआधी एका माणसाची नोंद दुरुस्त करायची तर काँग्रेसमध्ये त्याच्या नावाचं खास विधेयक आणावं लागे.

तर सुभेदारसाहेब, उत्तर असं. पुनरावलोकन मंडळापुढे जवानाला आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करावंच लागतं असं नाही. मंडळ दोन गोष्टी तपासतं. पहिली, काढताना नियम पाळले होते का? नोटीस दिली का, बाजू मांडू दिली का, सही करणाऱ्याला अधिकार होता का? दुसरी, नियम पाळले असले तरी जे झालं ते न्याय्य होतं का? सगळी नोकरी, पदकं, त्या वेळची परिस्थिती, त्याच चुकीसाठी दुसऱ्यांना काय मिळालं, हे सगळं इथे मांडता येतं. एक अडचण आहे. सरकारने आपलं काम नियमानुसारच केलं असं गृहीत धरून मंडळ सुरुवात करतं, आणि ते खोडून काढण्याचं ओझं जवानावर असतं. म्हणून जुने कागद जपणं महत्त्वाचं. १९७२ साली फ्रोल्के यांनी या दोनपैकी दुसऱ्या, म्हणजे न्याय्यतेच्या वाटेने निर्णय दिला, हे आता ध्यानात येईल.

सुभेदारसाहेबांनी पत्रात त्यांच्या पलटणीतल्या एका जवानाचीही हकीकत लिहिली आहे. चार लाल एन्ट्री, म्हणजे सेवानोंदीत लाल शाईने लिहिलेल्या शिक्षा, झाल्या म्हणून त्याला पेन्शनच्या तोंडावर घरी पाठवलं. आपल्याकडे अमेरिकेसारखे डिस्चार्जचे दर्जे नाहीत. डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा शेरा असतो, आणि काढण्याचं कारणही असतं. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता या कारणाने काढलेल्याला माजी सैनिकाच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते, त्यामुळे बाराव्या-तेराव्या वर्षी काढणं म्हणजे म्हातारपणाची भाकरी काढून घेणं. वीरेंद्रकुमार दुबे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं की चार लाल एन्ट्री झाल्या एवढ्यावर काढता येणार नाही. आधी प्राथमिक चौकशी हवी, आणि कमांडिंग ऑफिसरने चुकांचं स्वरूप, जवानाची एकूण सेवा, खडतर ठिकाणी केलेली नोकरी आणि पेन्शनला राहिलेला काळ हे लक्षात घ्यायला हवं. दुबे यांना पेन्शनपात्र सेवा पूर्ण केल्याचं मानून पेन्शन देण्याचा आदेश झाला.

त्या जवानाची गाठ पडली तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा : काढण्याआधी चौकशी झाली होती का, आणि तिचा कागद आहे का? सैन्य दल न्यायाधिकरणाचं एक खंडपीठ मुंबईत आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून चौकशी सुरू करता येईल.

पुढच्या आठवड्यात हेगेल यांचा आदेश नक्की घेऊ. व्हिएतनामहून परतलेल्या कितीतरी जवानांना बेशिस्तीसाठी काढलं गेलं, आणि त्या बेशिस्तीमागच्या मानसिक आघाताला वैद्यकशास्त्राने आजचं नाव १९८० साली दिलं. सही करणाऱ्याने त्या वेळचे सगळे नियम पाळले असतील, तरी ती सही न्याय्य होती का, हा प्रश्न २०१४ साली मंडळांपुढे नव्याने आला. त्यांनी त्याचं काय केलं ते पाहू.