आजार आयुष्यभराचा, चिठ्ठी सहा महिन्यांची

परदेशात राहणाऱ्या मधुमेही माणसाला भारतातले नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात, "तिकडे सगळं सरकार देतं ना रे?" आयर्लंडपुरतं उत्तर द्यायचं तर हो, बऱ्यापैकी देतं. तरीही या देण्या-घेण्यात माझा दर महिन्याला बराच वेळ आणि बरंचसं डोकं खर्च होतं. ते कसं, ते जरा सविस्तर सांगतो. इथे नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेकांना आज ना उद्या ही माहिती लागणार आहे.

मी डब्लिनमध्ये सात वर्षं आहे, सॉफ्टवेअरमध्ये. तिशी ओलांडल्यावर टाइप १ डायबेटिस निघाला. म्हणजे गोळ्यांचा नाही, थेट इन्सुलिनचा. दिवसातून चार-पाच वेळा टोचून घ्यायचं आणि प्रत्येक वेळी किती युनिट, हे आधी साखर बघून ठरवायचं.

आधी चांगलं सांगतो. इथे 'लाँग टर्म इलनेस स्कीम' नावाची योजना आहे, १९७० च्या आरोग्य कायद्याखालची. यादीत १६ आजार आहेत, त्यात डायबेटिस आहे. इन्सुलिन, सुया, लॅन्सेट, स्ट्रिप्स हे सगळं त्यात मोफत मिळतं. पगार किती, हे विचारत नाहीत. नागरिकत्वही लागत नाही. इथले रहिवासी असलात, किंवा किमान वर्षभर राहणार असलात, तरी चालतं. दमा त्या यादीत नाही, त्यामुळे दम्याच्या माणसाला औषधांचे पैसे भरावे लागतात. मेडिकल कार्ड नसलं तर अशा औषधांचा खर्च एका कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त ८० युरो, त्यापुढचा सरकार उचलतं. म्हणून नवीन आलेल्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की डायबेटिस असेल तर घर शोधायच्या आधी या योजनेचा फॉर्म भरा. फक्त एक लक्षात ठेवा, फॅमिली डॉक्टरची, म्हणजे इथल्या भाषेत जीपीची फी यात येत नाही.

आता अडचण. वस्तू मोफत आहे, पण ती हातात पडायला चिठ्ठी लागते. चिठ्ठी जीपी लिहिणार, सामान केमिस्ट देणार. (इथले लोकही केमिस्टच म्हणतात, तेवढंच घरच्यासारखं वाटतं.) पूर्वी ही चिठ्ठी जास्तीत जास्त सहा महिने चालायची. १ मार्च २०२४ पासून डॉक्टरला ती बारा महिन्यांपर्यंत लिहायची मुभा मिळाली. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. माझ्या क्लिनिकमध्ये अजून सहाच महिन्यांची मिळते. रिपीटसाठी फोन घेत नाहीत, ऑनलाइन फॉर्म भरायचा, दोन कामाचे दिवस थांबायचं आणि त्याची वेगळी फी. टाइप १ डायबेटिस सहा महिन्यांत बरा झालाय का, हे बघायला ही सगळी खटपट चालते की काय, असं कधी कधी वाटतं.

त्यात भर आकड्यांची. मी दंडावर सेन्सर लावतो, तो चौदा दिवस चालतो. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, 'महिन्याला दोन'. दोन सेन्सर म्हणजे २८ दिवस. वर्षाला लागतात २६ आणि बारा महिन्यांचे मिळतात २४. फरक दोनच सेन्सरचा, पण तेवढ्यात वर्षातले जवळजवळ चार आठवडे उघडे पडतात. ऑफिसात असला हिशोब कुणी कोडमध्ये लिहिला, तर पहिल्याच रिव्ह्यूत परत पाठवू. स्ट्रिप्सचंही तसंच. डबी पन्नासची असते. दिवसाला सहा वेळा तपासलं तर महिन्याला १८० लागतात. चिठ्ठीवर तीन डब्या असतील तर पंचविसाव्या दिवशी तळ दिसतो.

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इथे बँक हॉलिडे असतो. चिठ्ठी संपत आली होती, मी आठवडाभर आधी मागणी टाकली होती. शुक्रवारी संध्याकाळी ती केमिस्टकडे पोचली, त्यात इन्सुलिन होतं, सेन्सर होते, पण स्ट्रिप्सची ओळच नव्हती. 'सेन्सर आहे तर स्ट्रिप्स कशाला' म्हणून कुणीतरी काढून टाकली. क्लिनिक बंद, ते मंगळवारी उघडणार. आणि शनिवारी दुपारी दंडावरचा सेन्सर अकराव्याच दिवशी बंद पडला. कंपनी बदलून देते, पण पोस्टाने. केमिस्ट चांगला माणूस, म्हणाला, "तुझी गरज मला कळते, पण जे चिठ्ठीवर नाही ते मी योजनेत दाखवू शकत नाही." शेवटी खिशातून पैसे भरून डबी आणली. मला परवडलं. पण इथे शिकायला आलेली, अर्धवेळ काम करून घरभाडं भागवणारी आपली मुलं आहेत. त्यातल्या एखाद्याने काय केलं असतं? तीन दिवस अंदाजाने इन्सुलिन घेतलं असतं. अंदाज वर चुकला तर साखर खाली येते, हात थरथरतात, घाम फुटतो, आणि झोपेत झालं तर कळतही नाही.

सेन्सर असताना स्ट्रिप्स लागतात त्या याचसाठी. सेन्सर बंद पडला, किंवा तो सांगतो एक आणि अंगाला जाणवतं वेगळंच, तेव्हा बोटातला थेंबच खरा. गाडी चालवायची तर इन्सुलिन घेणाऱ्याने निघण्याआधीच्या दोन तासांत साखर तपासायची आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा, असा इथला नियम आहे.

सरकारची बाजूही आहे. स्ट्रिप्स वाया जातात हे खरं होतं. म्हणून एप्रिल २०१६ पासून टाइप २ असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्यांसाठी स्ट्रिप्सवर मर्यादा आली. ज्याची औषधं साखर एकदम खाली आणत नाहीत, त्याने दिवसातून चारदा बोट टोचून फारसं काही साधत नाही, हा विचार मला पटतो. इन्सुलिनवाल्यांना ही मर्यादा नाही. म्हणजे नियम मला स्ट्रिप्स द्यायला तयार आहे, सरकार पैसे द्यायला तयार आहे, केमिस्टच्या फळीवर डबी आहे, आणि तरी ती माझ्या हातात नाही. कारण क्लिनिक, केमिस्ट आणि योजना या तिघांची नोंद एकमेकांशी जोडलेली नाही. त्यांच्यातला निरोप्या मीच. २०२० मध्ये कोविडमुळे चिठ्ठी कागदावरून सुरक्षित ई-मेलवर आली. मोठी सोय झाली, पण ई-मेल म्हणजे कागदच, फक्त वेगाने पोचणारा. एस्टोनियासारख्या छोट्या देशाने २०१० पासून देशभर एकच ई-चिठ्ठी चालवली आहे. डॉक्टर लिहितो, कुठलाही केमिस्ट ओळखपत्रावरून तीच नोंद बघतो.

हे आईला सांगितलं की ती म्हणते, "मग इथेच बरं की, कोपऱ्यावरच्या दुकानात चिठ्ठी न विचारता देतात." देतात खरं. पण साताऱ्यात बाबा आठवड्यातून एकदाच साखर बघतात, कारण डबी संपली की पैसे आपले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात भारतात मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या वर होता. त्यातले किती जण बाबांसारखी स्ट्रिप पुरवून पुरवून वापरत असतील! तिथे दुकान उघडं आहे पण खिसा आडवा येतो. इथे खिशाचा प्रश्न सुटलाय आणि चिठ्ठी आडवी येते. मला दोन्हीतलं कुठलंच 'चालायचंच' म्हणून सोडून द्यावंसं वाटत नाही.

आता थोडं उपयोगाचं. क्लिनिकमध्ये गेलात की तीन गोष्टी तोंडाने मागा: चिठ्ठी बारा महिन्यांची, सेन्सर असला तरी स्ट्रिप्सची वेगळी ओळ, आणि प्रमाण डब्यांत न मोजता दिवसांच्या हिशोबाने. मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही. बँक हॉलिडेच्या दोन आठवडे आधी मागणी टाका आणि एक न उघडलेली डबी घरात कायम ठेवा.

आईबाबा भेटीला येणार असतील तर त्यांना ही योजना लागू नाही. मुक्कामाला पुरून उरेल इतकं सामान आणि भारतातल्या डॉक्टरचं पत्र बरोबर आणायला सांगा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवायचं, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. आणि मीटर त्यांचाच आणू द्या. इथला मीटर वेगळ्या एककात आकडा दाखवतो, त्याला १८ ने गुणलं की आपला नेहमीचा आकडा मिळतो. इथला ७ म्हणजे आपला १२६. एचबीएवनसीचंही तसंच, इथल्या रिपोर्टवरचा ५३ म्हणजे आपला ७ टक्के. बाबांना मी पहिल्यांदा फोनवर "आज साडेपाच" म्हटलं, तेव्हा ते घाबरून उठूनच बसले होते.

माझी पुढची चिठ्ठी एप्रिलमध्ये संपते. या वेळी मागणीसोबत २६ आणि २४ चा हिशोबही लिहून देणार आहे. रिसेप्शनवरच्या बाई वैतागतील कदाचित, पण डॉक्टरांनी एकदा तो वाचला तर माझ्यामागे रांगेत असलेल्यांचंही काम होईल.