लढाईनंतरची नोकरी

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात काही जुन्या गावांत इंग्रजांच्या काळातली एक पाटी भिंतीत बसवलेली आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले, पैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. नाव कोणाचेच नाही. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की उरतात ते परत आलेले. त्यांचे पुढे काय झाले हे पाटी सांगत नाही, आणि नंतरच्या स्मारकांनीही सांगितलेले नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर नावे आहेत ती धारातीर्थी पडलेल्यांची. दगडावरची जागा त्यांना मिळावी यात वावगे काहीच नाही. पण त्यातून आपल्याला एक सवय जडली आहे: जो परत आला त्याच्याही आयुष्यातून आपण लढाईच तेवढी वेचतो. तो वारला की फलकावर ‘माजी सैनिक, एकाहत्तरच्या युद्धात सहभाग’ एवढे येते, आणि खाली थेट शोकाकुलांची नावे.

हिशेब करून पाहा. २०२२ पूर्वी भरती झालेल्या शिपायाला पेन्शन बसते ती पंधरा वर्षांच्या नोकरीवर. असा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीत येतो. मुले शाळेत, वाटणीला आलेली जमीन जिरायती. घरी बसून कसे भागणार? राज्य सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे ते उगाच नाही. मग कोणी एसटीत ड्रायव्हर होतो, कोणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, कोणी कारखान्यात फिटर. वर्दीत गेली त्याहून जास्त वर्षे हजेरीपटावर जातात. मुरलीकांत पेटकरांचेच पाहा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले, १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले, आणि पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. गोळ्या आणि पदक आता चित्रपटामुळे घरोघरी ठाऊक आहेत. पुण्याच्या टेल्कोतली त्यांची नोकरी मात्र मुद्दाम सांगावी लागते.

नोकरी सगळेच करतात, सैनिकाच्या नोकरीत वेगळे काय, असे कोणी विचारील. वेगळे हे, की हुद्दा खाली येतो. तीस-पस्तीस जवानांची प्लाटून सांभाळलेला नायब सुभेदार सोसायटीच्या फाटकावर वहीत गाड्यांचे नंबर लिहितो, आणि आडवी लावलेली स्कूटर काढायला सांगितली म्हणून कॉलेजातल्या पोराचे उलट बोलणे ऐकून घेतो. हे पचवल्याबद्दल पदक नाही. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला लिहून ठेवण्याजोगा भाग इथेच आहे. दुसरी हरकत अधिक रास्त: ही माणसे स्वतःहून बोलत नाहीत, मग खपली कशाला काढायची? काढू नये. गप्प राहण्याचा त्यांचा हक्क लढाईपुरता पुरा मानावा. पहिल्या पगाराबद्दल किंवा रात्रपाळीबद्दल विचारले तर जखमेला हात लागत नाही.

राहिला पुराव्याचा प्रश्न. साध्या शिपायाची नोंद सापडणार कुठे? लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेली पहिल्या महायुद्धातल्या सुमारे ३ लाख २० हजार पंजाबी सैनिकांची रजिस्टरे २०२१ मध्ये लोकांपुढे आली. त्यांत जगून परतलेलेही आहेत. सरकार लिहीत होते, वाचत कोणी नव्हते. आपल्या घरांत डिस्चार्ज बुक असते: नंबर, भरतीची तारीख, ट्रेड, पदके, वर्तणुकीचा शेरा. पेन्शन त्यावर अडते म्हणून ते ट्रंकेत जपले जाते. कारखान्याचे ओळखपत्र, पीएफच्या स्लिपा, निरोपाच्या दिवशीचा शालनारळाचा फोटो यांवर पुढे काहीच अडत नाही, म्हणून ते रद्दीत जातात. दोन्ही गठ्ठे समोर ठेवून कोणत्या खात्यात, कोणत्या पाळीत, कोणाच्या हाताखाली, हे त्याच्याकडूनच लिहून घ्यावे लागते. तो गेल्यावर मुलांना कंपनीचे नाव आठवते, खाते आठवत नाही.