खार उठला म्हणजे नेमकं काय? लिटमस कागदाची घरगुती परीक्षा



रान पांढरं पडलं की आपण एका शब्दात सांगून मोकळे होतो, "रानात खार उठलाय." मग कुणीतरी सांगतं म्हणून जिप्समच्या गोण्या आणून टाकतो. पुष्कळदा पैसा जातो, रान मात्र तसंच राहतं. असं का होतं, हे समजायला स्वयंपाकघरातले चार जिन्नस आणि लिटमसचा कागद पुरेसा आहे.

मसाल्यातलं दगडफूल आपण ओळखतोच. त्याच वर्गातल्या दुसऱ्या जातींपासून लिटमसचा रंग काढतात. या रंगाच्या निळ्या व तांबड्या पट्ट्या शाळेला प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतात. आम्ल पदार्थ निळ्या पट्टीला तांबडी करतो. अल्कधर्मी पदार्थ तांबड्या पट्टीला निळी करतो. दोन्ही पट्ट्या बदलल्या नाहीत, तर पदार्थ उदासीन समजावा. पदार्थ कोरडा असेल तर आधी स्वच्छ पाण्यात कालवावा. हात कोरडे असावेत आणि पट्ट्या बंद बाटलीत ठेवाव्यात.

आता मुलाबाळांना घेऊन करून पाहा. लिंबाचा रस, चिंचेचं पाणी, ताक : निळी पट्टी तांबडी होते. चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, पापडखार, साबणाचं पाणी : तांबडी पट्टी निळी होते. पट्टी नसेल तर हळदीचं बोट चुन्याला लावून पाहा. हळद लाल होते तीही याच गुणामुळे. कुंकू पूर्वी असंच करीत. आपल्या कारखान्यात रसाला चुना देतात त्याच्यामागेही हाच हिशेब आहे. उसाचा रस मुळात आम्ल असतो, आणि आम्ल रस तापवला तर साखर मोडते व तिचे दाणे पडत नाहीत.

आता चिमूटभर मीठ पाण्यात विरघळवा. दोन्ही पट्ट्या बुडवा. काहीच होत नाही! मीठ चवीला खारट, पण लिटमसच्या लेखी ते उदासीन. पापडखार मात्र पट्टी निळी करतो. आपल्या भाषेत दोन्हींना 'खार'च म्हणतात. गुण मात्र वेगळे. रानातला घोटाळा नेमका इथंच होतो.

ज्या रानात मिठासारखे विरघळणारे क्षार साठतात ते क्षारयुक्त रान. वर पांढरा थर दिसतो, माती मात्र भुसभुशीत राहते. अशा रानात उगवण विरळ होते, उसाचे शेंडे करपतात. ज्या मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसतो ते चोपण रान. ते ओलं असताना चिकट, वाळलं की दगडासारखं टणक होतं आणि पाणी मुरत नाही. वर काळपट थर दिसतो. याचा सामू बहुधा ८.५ च्या वर असतो. दोन्ही दोष एकत्र असलेलं रानही असतं.

इलाज वेगळे आहेत. क्षारयुक्त रानाला चर काढून निचरा करायचा आणि चांगल्या पाण्यानं क्षार धुऊन काढायचे. तिथं जिप्समचा उपयोग नाही. चोपण रानात जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. पण निचराच नसेल तर तो जाणार कुठं? आणि दोन्ही दोषांचं रान जिप्समशिवाय नुसतं धुतलं, तर ते पक्कं चोपण होऊन बसतं.

मग लिटमसनं रान ओळखता येईल का? थोडंफारच. कागद बाजू सांगतो, माप सांगत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानातही पट्टी थोडी निळसर होऊ शकते, म्हणून ते चोपण ठरत नाही. आणि मीठ तर कागदाला दिसतच नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत सामू, विद्युत वाहकता आणि सोडियमचं प्रमाण, तिन्ही पाहावं लागतं.

नमुना घेताना खत पडलेली जागा, बांध, झाडाची सावली आणि विहिरीजवळचा भाग टाळा. नुसता पांढरा थर खरवडून आणू नका. पहिला फूट, दुसरा फूट, तिसरा फूट अशी माती वेगवेगळी घ्या आणि पिशवीवर गट नंबर व खोली लिहा.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. त्या पट्ट्यात पुढे पाणथळ व खारवट जमिनींचा प्रश्न उभा राहिला. सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठीही तेच झालं. पाणी आलं, निचरा राहिला, आणि रानं गेली. तेव्हा लागणीआधी माती तपासून घ्या, पाणी मोजून द्या, आणि अहवाल हाती आल्याशिवाय जिप्समची गोणी सोडू नका.